एका ओळीची आवृत्ती

छावणी भागात राहणाऱ्या प्रेरणाला कुणी विचारलं, तू संगणकावर नेमकं काय बनवतेस, तर ती हसून सांगते, "काहीच नाही. बनलेलं बिघडू देत नाही."

दिवसा ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात 'वाचनसाथी' सांभाळते. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. कुणीही त्यात भर घालावी. ती भर आधी नव्या आवृत्तीत जाते. गावोगावची दोनशे वाचनालयं मात्र स्थिर आवृत्ती वापरतात, आणि तिची राखण प्रेरणाकडे. तिथे नवी सोय घ्यायची नाही, फक्त दुरुस्ती. तीही दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. सहा वर्षांत या नियमापायी तिनं पुष्कळ रुसवे झेललेत.

तेरा एप्रिलच्या दुपारी देवगाव रंगारीहून बन्सीमामांचा फोन आला. मामा तिथलं वाचनालय चालवतात. दुसऱ्या दिवशी जयंती. सकाळी सहापासून सलग अठरा तास अभ्यास व्हायचा होता.

"पोरी, तुझा वाचनसाथी पुस्तक देईना."

"काय म्हणतो, मामा?"

"एकानं वाचून परत केलं, दुसऱ्याला द्यावं तर म्हणतो, आज दिलेलं आहे, उद्या या. अन् उद्या आमच्याकडं एका पुस्तकामागं दहा वाचक हायेत. नोंदवही तर मी तुझ्या भरवशावर कपाटात कोंडलीय."

"काढू नका ती. संध्याकाळपर्यंत थांबा."

"थांबतो. पण लई ताणू नको."

फोन ठेवताच तिला चूक उमगली. तिचीच होती. गेल्या आठवड्यात सभासद-कार्डाच्या छपाईची दुरुस्ती पाठवताना तिनं जाताजाता आणखी एक गोष्ट आत सारली होती. बटण दोनदा दाबलं गेलं तर दुहेरी नोंद होऊ नये, म्हणून एक पुस्तक एका दिवसात एकदाच द्यायचं. तिच्या कॉलेजात एकच पुस्तक दिवसातून दोघं कधी नेत नसत. एका दिवसात दहा हातांतून फिरणारं पुस्तक तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि जयंती तर तिच्या घरचीच!

आता 'आज दिलंय का' याऐवजी 'परत आलंय का' एवढंच विचारायचं होतं. कोडमधली एक ओळ. तिनं ती बदलली, बटण दोनदा दाबून पाहिलं, पुस्तक देऊन, घेऊन, पुन्हा देऊन पाहिलं. तेवढ्यात पुण्याहून सत्यमचा फोन. पुस्तक शोधण्याची नवी सोय त्यानं लिहिली होती.

"ताई, आवृत्ती बाहेर सोडतेच आहेस तर माझा शोधही घाल ना. जाताजाता!"

"हा शब्द आज माझ्यासमोर काढू नकोस, बाबा."

उरली तपासणी. ती करणाऱ्या इंद्रजीतची नेमकी आज हळद होती. उद्या सगळे मिरवणुकीत नाचणार म्हणून ती एक दिवस आधीच ठेवलेली. प्रेरणा लॅपटॉप काखेत मारून दोन गल्ल्या ओलांडून मांडवात शिरली.

"अगं बया, हळदीला हे काय आणलंस?" इंद्रजीतची आत्या द्वारकाबाई ओरडली.

"आहेर समजा, आत्या. नवरदेवाचे डोळे पाच मिनिटं हवेत."

पाटावर बसलेला, कानापर्यंत पिवळा झालेला इंद्रजीत ओळ वाचू लागला. गेल्या आठवड्यात तपासताना त्यानंही मान डोलावली होती, म्हणून आज तो सावकाश वाचत होता. बायका त्याच्या पायांना हळद लावतच होत्या.

"परत आलं, पण फाटलं म्हणून बाजूला ठेवलं, तर?" त्यानं विचारलं.

 हे प्रेरणानं पाहिलं नव्हतं. तिनं मांडवातच खाली बसून नोंदीत एक पुस्तक फाटलेलं दाखवलं आणि द्यायला गेली. वाचनसाथीनं ठाम नकार दिला.

"मग सोड," तो म्हणाला, आणि मंजुरीचं बटण त्यानंच दाबलं. त्या बटणावर पिवळा ठसा उमटला.

"याच्या बायकोआधी हळद या डब्याला लागली!" आत्यानं टोमणा मारला. मांडव हसला. हसता हसता प्रेरणानं आवृत्ती सोडली.

जयंतीच्या दुपारी तिनंच न राहवून फोन लावला. पलीकडे पानं उलटल्याची सळसळ होती, आणि मामा कुजबुजत बोलत होते.

"राज्यघटनेचं पुस्तक नवव्या हातात गेलं बघ."

"अडलं नाही ना कुठं?"

"नाय. अन् कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय, ते बी आता आठवंना."