लाल गोळीविरुद्ध माझं पत्रक

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या वहिनीवर. आणीबाणी उठली त्याच उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चुलीवर चहा उकळत असताना तिच्या हातातली औषधाची पुडी हिसकावून अंगणात भिरकावण्यात आली. 'भिरकावण्यात आली' असं लिहायची सवय आम्हाला पत्रकांनी लावली. तसं लिहिलं की भिरकावणारा कोण ते सांगावं लागत नाही. भिरकावणारा मीच होतो.

वहिनीला पाचवा महिना होता. आमची वस्ती लोहाऱ्याच्या रस्त्यापासून आत, आणि घरातली सगळी माणसं रोजगार हमीच्या तलावाच्या कामावर. मीही कॉलेजच्या सुट्टीत जायचो. वहिनी मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांध चढायची आणि वर पोचली की कमरेवर हात ठेवून उभी राहायची. श्वास पुरत नव्हता तिला. ओठ पांढरे पडले होते. महिन्यातून एकदा येणाऱ्या नर्सबाईंनी तिला लाल गोळ्यांची पुडी दिली होती, रोज एक घे म्हणून.

आठ दिवसांनी वहिनीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आईनं ते मला सांगितलं, कारण घरात शिकलेला मी एकटाच. गोळी सुरू केल्यापासून वहिनीला परसाकडं काळं होत होतं. डांबरासारखं.

मला दुसरं काही सुचलंच नाही. मागच्याच साली आमच्या वस्तीतली दोन माणसं सरकारी जीपमध्ये घालून नसबंदीच्या ऑपरेशनला नेली होती. एकाचं तर लग्नही झालं नव्हतं. ते सगळं डोळ्यांनी बघितलेल्या माणसानं फुकट वाटलेल्या गोळीवर विश्वास का ठेवावा? मी तिथल्या तिथं निकाल दिला. ही गर्भ मारायची गोळी आहे, आतनं जाळतेय, म्हणून काळं होतंय. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, तुमी शिकलेले. तुमी म्हणता तर न्हाय खात."

हे वाक्य मला आजही टोचतं. तिनं पुरावा मागितला असता तर माझ्याकडं काय होतं?

कॉलेजातल्या आमच्या चळवळीच्या मंडळाकडं पत्रकं छापायचं सायक्लोस्टाईलचं मशीन होतं. मी उस्मानाबादला जाऊन रात्रीतून स्टेन्सिल कापलं. 'लाल गोळी, काळा डाव' असं मथळ्यात घातलं. मला ते लई जोरदार वाटलं होतं. गठ्ठा घेऊन गावी आलो, तलावावर वाटला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवला. आमच्या वस्तीतल्या पोटुशा बायांनी गोळ्या सोडल्या. माळावरच्या मोठ्या शेतकऱ्यांच्या घरांतही सोडल्या. एरवी आमच्या हातचं पाणी न घेणाऱ्या त्या घरांनी माझं पत्रक मात्र बिनदिक्कत घेतलं.

आणि गोळी बंद करून मी केलं काय? बाजारातून टॉनिकची बाटली आणली. बाटलीवर दंड दाखवणारा पैलवान होता. आमच्याकडची रीतच ती, फुकट मिळतं ते इख आणि इकत घेतलं ते अमृत. बाटलीत काय आहे ते मी वाचलंसुद्धा नाही. गोड होतं, वहिनी चमचा चाटून घ्यायची, मी समाधानी.

मृगाचे दिवस कोरडेच चालले होते तेव्हा एका दुपारी वहिनी बांधावर बसली ती उठलीच नाही. पाटी घरंगळत खाली गेली. डोळे उघडे होते, पण समोर अंधार आहे म्हणत होती. भाऊ आणि मी तिला बैलगाडीत घालून शेजारच्या गावच्या उपकेंद्रावर नेलं.  माझ्या खिशात पत्रक होतं. नर्सबाईंच्या तोंडावर ते फेकायचं आणि जाब विचारायचा असं मी मनात घोळवत होतो. वहिनी मेली तर कुणाला सोडणार नाही, असंही. मूल मेलं तर, असा विचार मात्र करवत नव्हता.

नर्सबाईंनी आधी वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतलं मांस धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं. पोटाला कान लावायची नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळ हाय. चांगलं लाथा मारतंय." 

तेवढ्यानं माझी जीभ सुटली. मी पत्रक काढलं. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडं बघितलं.

"या पुढारी. गोळीत काय असतं?"

मी म्हणालो, ते तुम्ही सांगा.

"लोखंड असतं. रक्ताला लागतं ते. पोटातलं लेकरू आईचंच वढून घेतं, म्हून आई अशी पांढरी पडती. अंगाला लागलं तेवढं लागतं, बाकीचं भाईर पडतं, ते काळंच पडणार. पत्रक काढलं तवा कुणाला इचारलंत? न्हाय ना?"

मी म्हणालो, हे खरं कशावरून. बाई कपाटाकडं गेल्या, डब्यातून तीन गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "पेशंटच्या वाटच्या शेवटच्या हायेत ह्या, पर तुमच्यावर खर्च करते. तीन दिस खावा आन् मंग पत्रक काढा."

गोळीऐवजी काय दिलं तेही त्यांनी विचारलं, मी टॉनिकचं सांगितलं. साखरपाणी आणि जराशी दारू, म्हणून चेहऱ्यावर लाली येते, असं त्यांनी सांगितलं. गोळीचीही त्यांनी आरती ओवाळली नाही. गोळी म्हणजे जेवण नव्हे, म्हणाल्या. सरकारी पौष्टिक सुकडी मिळते ती घरात वाटून न टाकता हिनंच खायची, शेवग्याचा पाला खायचा, पाटी बंद. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची. कुणाला मळमळतं, कुणाचं पोट धरतं, कुणाला गुण लवकर येतो, कुणाला उशिरा.

पण डबा आता रिकामा होता. नवा साठा कधी येईल ते बाईंनाही माहीत नव्हतं. माझ्या हातातल्या तीन गोळ्या मी परत पुढं केल्या. तेव्हा बाकड्यावर आडवी पडलेली वहिनी बोलली.

"हायेत माझ्याकडं. तुमी फेकल्या तवाच उचलल्या म्या. सरकारी वस्तू, उद्या कुणी माघारी मागितली तर? कोरड्या डब्यात ठिवल्यात. तुमच्याच पत्रकात गुंडाळून."

नर्सबाई हसल्या. मीही हसलो, पण माझे डोळे भरून आले होते.

त्या तीन गोळ्या बाईंनी परत घेतल्या नाहीत. मी त्या रोज एक अशा खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन गेलो आणि एवढा मोठा सुटकेचा श्वास मी जन्मात सोडला नसेल. काळं. डांबरासारखं. मी मेलो नव्हतो, जळलो नव्हतो, मला भूक लागली होती.

मंडळात जाऊन मी म्हणालो, पत्रक मागं घेऊ. थोरल्या कार्यकर्त्यांनी चळवळ माघार घेत नसते असं सुनावलं, आणि मशीन दिलं नाही. मग मी कार्बन पेपर लावून हातानं लिहिलं. तलावावर हजेरीच्या वेळी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर वाचलं, की आधीचं पत्रक चूक होतं, मी विचारलं नव्हतं, गोळी मी स्वतः खाऊन बघितली आहे.  मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् पोरा, तुझं काळं झालं का?" मी म्हणालो, झालं. सगळा बांध हसला. ते हसणं मला कुठल्याही टाळ्यांपेक्षा बरं वाटलं, कारण त्या आठवड्यात बायांनी नर्सबाईंची वाट बघायला सुरुवात केली.

वहिनी पुन्हा रोज गोळी घेऊ लागली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला मुलगी झाली. रक्त बरंच गेलं, पण वहिनी तरली. बाई म्हणाल्या, अंगात थोडं साठलं होतं म्हणून निभावलं. गोळीनंच निभावलं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण गोळीबिगर काय झालं असतं ते मला बघायचं नव्हतं.  ती पोरगी आता बालवाडीत जाते आणि मला पुढारी म्हणते. कुणी शिकवलं ते उघड आहे.

सरकारला जाब विचारायचं मी सोडलेलं नाही. जीपमधून नेलेल्या त्या दोन माणसांचा हिशेब अजून बाकी आहे आणि उपकेंद्रातला डबा रिकामा का असतो तेही मी विचारतोच. पण हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. घरात पोटुशी बाई असेल तर आत्ता उठा आणि तिच्या गोळ्या कुठं आहेत ते बघा. कोनाड्यात पडल्या असतील तर तिच्या हातात द्या. शंका असेल तर नर्सबाईंना तोंडावर विचारा. आणि माझ्यासारखा एखादा शिकलेला पत्रक घेऊन दारात आला, तर आधी त्याला विचारा, तू स्वतः खाऊन बघितलीस का?