सूनबाईचे मामा आणि कॅमेऱ्यामागचा हशा

सबंध ओमानात माझ्या सूनबाईच्या मामांइतका हशाला हपापलेला माणूस सापडायचा नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत क्रेन दुरुस्त करतात, पण मूळचे रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतले. नमनात गवळणींबरोबर लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून ठसक्यात बोलणारी मावशी असते ना, ती हे! नोकरीसाठी इथे आले, पण मावशी काही अंगातून गेली नाही. आमच्याकडे जेवायला आले की दाराची घंटा एकदा वाजवून थांबणार, दुसऱ्यांदा वाजवून पुन्हा थांबणार. मी दार उघडून समोर उभी असले तरी तिसरी घंटा झाल्याशिवाय पाऊल आत नाही. "विहीणबाई, प्रवेशाला काही शिस्त असते." एकदा कंपनीच्या अर्बाबाची, म्हणजे मालकाची, नक्कल त्याच्याच देखत केली. आम्ही म्हटलं, खलास, आता ह्यांना विमानात बसवणार. तर तो अरब पोट धरधरून हसला आणि दर ईदेला हे करून दाखव म्हणाला! इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात दोन वाक्यांचा गडी मिळाला तर हे तो इतका ताणणार की नायक बिचारा नायिकेचा हात धरून ताटकळतोय.

अशा माणसाला इथल्याच एका मराठी इंजिनियर पोराने आपल्या छोट्या सिनेमात घेतलं, आणि तेही गंभीर कामात. जन्म आखातात काढून घरी परतायला निघालेला म्हातारा शिंपी. मामा मला म्हणाले, "जन्मभर लोकांनी मला बघून दात काढले हो. एकदा तरी कुणी डोळे पुसलेले बघायचेत." पण कॅमेऱ्यापुढे उभे राहिले की दर वाक्यानंतर हे थांबायचे. पोरगा कावला. "काका, थांबता कशाला? यल्ला, पुढे बोला!"

"अरे, हशा येऊ दे की!"

हशा कुठून येणार? समोर चार पोरं श्वास रोखून उभी. मग मामांचा जीव घाबरा व्हायचा आणि शिंप्याच्या कमरेत मावशी शिरायची. सुट्टीचे दोन शुक्रवार फुकट गेले. तिसऱ्या शुक्रवारी जमलं नाही तर काम दुसऱ्याला, असं पोराने स्पष्ट सांगितलं. मामा जेवायचे बंद झाले, तेव्हा मीच म्हटलं, मी बसते कॅमेऱ्यामागे. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता हसते. तुम्ही माझ्याकडे बघा नि पुढे चला.

आणि चाललं की हो! माझे खांदे हलले की मामा पुढच्या वाक्यावर. शेवटी फोनचा प्रसंग आला. शिंप्याची बॅग भरून तयार आहे, आणि गावाहून बायको म्हणते, आणखी एक वर्ष काढा ना, आता इथे तुमची सवय नाही राहिली कुणाला. मामांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मला काही हसू येईना. पदर तोंडातून डोळ्यांकडे गेला. मामा बघतच राहिले, कंबर नाही, भुवई नाही, काही हललं नाही. मग म्हणाले, "बरं. काढतो." पोरगा 'कट' म्हणायचंच विसरला.

सिनेमा दाखवला तेव्हा हॉल भरला होता, कामगारांच्या कॅम्पवरची माणसं बसेस करून आली होती. मी मामांच्या शेजारीच. फोनचा प्रसंग झाला आणि सगळा हॉल चिडीचूप. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पडलं, विहीणबाई. कुणी हूं की चूं करत नाही."

"मागे वळून बघा तरी," मी म्हटलं.

त्यांनी वळून बघितलं. मागच्या रांगांतले दणकट बाप्ये, कुणी बाहीने तोंड पुसतंय, कुणी मान खाली घालून बसलंय. जे मागितलं होतं ते हॉलभर मिळालं होतं. मग मामा माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "ह्यांना असं घरी कसं पाठवायचं हो? थांबा, मी जरा हसवून येतो."