दुसऱ्यांच्या वाट्याचं पडणं

माझं लग्न तिसगावच्या विहारात लागलं, तेव्हा माझ्या नणंदेचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. पांढरी साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि गळ्यात अडकवलेला हात. कर्जतहून आलेल्या माझ्या मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या घरात बाईमानसावर हात उचलत्यात का गं?" मी तरी काय सांगणार? नणंद मुंबईला सिनेमात कामाला आहे, एवढंच मला माहीत होतं. सिनेमातली बाई हात मोडून घरी कशी येते, ते मला पुढं हळूहळू कळत गेलं.

तिचं नाव दीपा. वयानं माझ्याएवढीच. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहोजाहो करते. इथं मात्र दीपाच लिहिते, नाहीतर मला मोकळेपणानं सांगता यायचं नाही.

माझे सासरे भीमराज साळवे, सगळे त्यांना आण्णा म्हणत. ते विहिरी खोदायचे. आमच्याकडं पाऊस कमी आणि खडक फार. सुरुंग उडवायचा, फुटलेला दगड भरायचा आणि यारीनं वर ओढायचा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवलेलं, दगड वर ओढायचं यंत्र. आण्णा दिवसभर खाली असत. सुट्टीच्या दिवशी दीपा त्यांचा डबा घेऊन जायची. डबा वरून सोडायचा, तर ही पोरगी डबा कमरेला बांधून स्वतःच दोरावरून उतरायची. माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, संध्याकाळी दोघांनाही धारेवर धरायच्या. आण्णा मला एकदा म्हणाले, "खाली दगडाशिवाय कुनी नसतं. पोरगी आली की दोन शबूद बोलनं व्हायचं."

दीपा अठरा-एकोणीस वर्षांची असताना कर्जतकडच्या एका वस्तीवर सिनेमाचं शूटिंग आलं. विहिरीतला गाळ काढायला आण्णांची टोळी बोलावली होती, म्हणून दीपाही गेलेली. सुनेला विहिरीत ढकलतात असा प्रसंग होता. उडी मारायला पुण्याहून आणलेली मुलगी काठावर आली, आत डोकावली आणि सरळ नाही म्हणाली. मग एका पोराला टोप घालून नऊवारी नेसवायला घेतली. माणसं हसत होती. मारामारीची आणि पडण्या-झडण्याची दृश्यं बसवणारे फाइट मास्टर होते वाल्मिक मास्तर, मूळचे श्रीगोंद्याचे. दीपा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "त्यो बाईसारखा न्हाई पडायचा."

"मग बाई कशी पडती?"

"ढकलल्यावर ती आधी पदर धरती."

मास्तरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "पवता येतं का?"

"येतं."

तिनं उडी मारली. वर आली तेव्हा कोपर सोलवटलं होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मास्तर आण्णांना म्हणाले, पोरीला मुंबईला पाठवा, मी लक्ष ठेवीन. आण्णा म्हणाले, "मला काय इचारता, तिला इचारा." सासूबाईंना कुणीच विचारलं नाही. त्या राग धरून बसल्या, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मुंबईत दीपा गोरेगावला तीन-चार मुलींबरोबर एका खोलीत राहायची. पडायचं कसं, हे मास्तरांनी तिला शिकवलं. कुठला खांदा आधी टेकवायचा, हनुवटी छातीला लावायची, श्वास कधी सोडायचा. उंचावरून पडायचं असलं की खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचायचे आणि वर गाद्या टाकायच्या. ती सांगायची, पुरुषांचं बरं असतं. जाकीट, जाड पँट, आत गुडघ्याला, कोपराला, पाठीला पॅड बांधता येतात. हिरॉइन असते पातळ साडीत, नाहीतर बिनबाह्यांच्या झग्यात. तिच्या जागी पडणाऱ्या बाईला पॅड लावायला जागाच नसते. सणाला घरी आली की मी तिच्या पाठीला तेल लावून द्यायची. कुठं निळं, कुठं पिवळं, कुठं जुनं काळपट. मी विचारायची, "हे कशाचं?" ती आठवून सांगायची, "ते रिक्षातून पडले त्याचं." "ते बहुतेक काचेचं." पुढं पुढं तिला आठवेनासं झालं.

घरात सगळे मिळून टीव्हीवर तिचे सिनेमे बघायचे. सासूबाई विचारायच्या, "ह्यातली आपली कोनती?"

"जिचं तोंड दिसत न्हाई, ती."

सासूबाई पडद्याजवळ जाऊन बसायच्या. पाठमोरी बाई गच्चीवरून खाली जायची, केस उडायचे, आणि पुढच्या क्षणी जमिनीवर हिरॉइनचं तोंड दिसायचं. एकदा असंच बघता बघता त्या उठून चुलीकडं गेल्या आणि त्यानंतर टीव्हीसमोर बसल्या नाहीत. "माझी पोरगी पडती आन् दुसरीच रडती," एवढंच बोलल्या.

तिच्या लग्नाचंही एकदा जमलं होतं. मुलगा श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात होता, बोलायला सरळ. "लग्नानंतर हे सोडनार ना?" त्यानं विचारलं. दीपा म्हणाली, "सोडीन." मला वाटतं, ती खरंच सोडणार होती. त्याच महिन्यात शूटिंगमध्ये घोडा बुजला, ती खाली आली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. मुलाची आई भेटायला आली, चहा प्याली, जाताना दारात माझ्याशी बोलली, "आमचं काई म्हननं न्हाई बाई, पन पोरगी आतून किती मोडलीय ते कुनाला ठावं." दीपा आतल्या खोलीत ऐकत होती. मी आत गेले तर म्हणाली, "खरं तेच बोलल्या. मला तरी कुठं ठावं हाय." नंतर स्थळं आली, पण तिनंच मन काढून घेतलं होतं.

अडथळ्यांच्या शर्यतीचं वेड तिला उशिरा लागलं, तिशीच्या आसपास. सेटवरच्या एका मुलीनं तिला लोणावळ्याकडं नेलं. डोंगरात आखलेला रस्ता, त्यात उंच लाकडी भिंती, चिखलाचे खड्डे, काटेरी तारेखालून सरपटत जायचं, वाळूची पोती खांद्यावर घेऊन चढ चढायचा, दोरावर चढून घंटा वाजवायची. दीपाला ते खेळ वाटला. पहिल्याच वेळी ती बायकांत दुसरी आली आणि पुढच्या वर्षी पहिली. मग बंगळूर, दिल्ली, जिथं शर्यत असेल तिथं जाऊ लागली. मी विचारलं, "ताई, शूटिंगमध्ये अंग कमी दुखतं का, म्हणून हे?" ती म्हणाली, "वहिनी, तिथं छातीवर माझा नंबर असतो. माइकवरून माझं नाव पुकारतात. पडले तर माझी मीच पडते."

चौदा एप्रिलच्या जयंतीला गावानं तिचा सत्कार केला. पोरांनी मोठा फ्लेक्स लावला, पण त्यावरचा फोटो शर्यतीतला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, नुसते डोळे आणि दात दिसत होते. सासूबाई फ्लेक्सखाली उभ्या राहून म्हणाल्या, "निदान हितं तरी तोंड धुवून फोटू काढायचा हुता." सगळे हसले, दीपाही हसली. रात्री जेवताना मात्र तिच्या हातातून घास दोनदा निसटला. बोटांत ताकद राहत नाही, म्हणाली, थोडं होतं असं.

काम मात्र बदलत चाललं होतं. आधी ती हिरॉइनच्या जागी पडायची. मग हिरॉइनच्या वहिनीच्या, मग आईच्या. चाळिशी जवळ आली तशा मालिकेतल्या सासवा तिच्या वाट्याला आल्या. ती हे तक्रार म्हणून सांगत नसे. एस. टी. कुठल्या रस्त्यानं आली ते सांगावं, तसं सांगायची.

त्या सासूपायीच तिचं मोठं दुखणं झालं. मालिकेत सासू पूजेचं ताट घेऊन जिन्यावरून पडते, असा प्रसंग होता. दीपा पडली. दिग्दर्शक म्हणाले, छान, पण ताट नीट उडालं नाही. पुन्हा पडली. या वेळी ताट उडालं, पण कुंकू सांडलं नाही. असं दुपारभर चाललं. त्या दिवशी वाल्मिक मास्तर नव्हते, दुसरंच कुणीतरी होतं, आणि दीपाचा स्वभाव नाही म्हणायचा नाही. शेवटी ताट गिरक्या घेत उडालं, कुंकू पसरलं, सगळे खूश झाले. ज्या नटीच्या जागी ती पडली होती, ती पुढचं कण्हणं करायला तिच्या जागी झोपायला आली. दीपाला बाजूला व्हायचं होतं, पण तिला उठता येईना.

मणका सरकला होता. माझे यजमान अमृत मुंबईला जाऊन तिला घेऊन आले. पुढचे कितीतरी महिने ती आमच्या पुढच्या खोलीत पडून होती. मी अंगणवाडीत जायची, त्यामुळं सगळं सासूबाईंवर. सत्तरीची बाई चाळिशीच्या लेकीला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, केस विंचरायची. आण्णा तोवर वारले होते. एका दुपारी मी घरी आले तेव्हा दोघी बोलत होत्या. मी उंबऱ्यातच थांबले.

"आता बास कर," सासूबाई म्हणाल्या.

"बास करून काय करू?"

"काई करू नको. बस नुसती."

"नुसतं बसायचं मला येत न्हाई, आई."

"मला तरी कुठं येतं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा विंचरायला लागल्या.

दीपा बरी झाली, म्हणजे चालायला लागली, मग हळूहळू पळायलाही. डॉक्टरांनी सांभाळून राहायला सांगितलं होतं. वर्षभरानं तिनं पुण्याजवळच्या एका शर्यतीत नाव दिलं. "एकदाच," म्हणाली. अमृत चिडले. सासूबाई मला म्हणाल्या, तू जा तिच्यासंगं.

मी अशी शर्यत पहिल्यांदाच बघत होते. सकाळचं ऊन, स्पीकरवर गाणी, रंगीत कपड्यांतली तरणी पोरं. मी दोरीच्या या बाजूनं तिच्याबरोबर चालत राहिले. पहिली भिंत ती चढली. तारेखालून गेली, पण बाहेर आल्यावर गुडघ्यांवर बराच वेळ तशीच राहिली. तिच्या मागून निघालेल्या पोरी पुढं गेल्या. एकीनं तिला ओळखलं. "दीपाताई ना तुम्ही?" म्हणाली, पाया पडली आणि पळाली. मग लोखंडी कड्यांचा अडथळा आला. खाली पाण्याचा हौद, वर कड्या टांगलेल्या, एकीवरून दुसरीवर झोके घेत पलीकडं जायचं. दीपा निम्म्यापर्यंत गेली आणि थांबली. दोन्ही हातांनी लोंबकळत राहिली. मला वाटलं, दम घेते आहे. तिनं एकदा पुढच्या कडीकडं पाहिलं, एकदा खाली पाण्याकडं, आणि ती पडली.

हौदाच्या काठावर येऊन बसली. मी टॉवेल दिला. "हात सुटला का?" मी विचारलं.

"न्हाई. सोडला."

पुढचे अडथळे तिनं घेतले नाहीत, बाजूच्या पायवाटेनं माझ्याबरोबर चालत शेवटापर्यंत आली. कुणी कसली चौकशी केली नाही. येताना एस. टी.त माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली ती थेट नगरला जागी झाली.

त्यानंतर वाल्मिक मास्तरांनी तिला सेटवर दुसरं काम दिलं. आता पडायचं नाही, पडणाऱ्या मुलींचं बघायचं. दोर तपासायचे, खोके रचायचे, गाद्या सरकवायच्या. काम बरं होतं. पण गेल्या हिवाळ्यात एका सेटवर नव्या मुलीला उंच माळ्यावरून पाठीवर पडायचं होतं आणि खाली खोके कमी होते. दीपा म्हणाली, आणखी खोके आल्याशिवाय होणार नाही. निर्मितीवाले म्हणाले, उजेड जाईल. दीपा खोक्यांसमोर उभी राहिली, हलेना. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नाही म्हटलं असेल. त्यांनी तिला बाजूला व्हायला लावलं आणि ती मुलगी पडली.

हे सगळं ती मला भाकरी खाता खाता सांगत होती. मी पुढची भाकरी थापता थापता विचारलं, "मग? काय झालं तिला?"

"काई न्हाई. उठली, हसली. शॉट चांगला झाला म्हनं."

"बरं झालं."

"बरंच झालं," दीपा म्हणाली. "पन वहिनी, उद्या परत विचारलं तर मी न्हाईच म्हननार."

त्या लोकांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. मास्तर अधूनमधून फोन करतात, दिवाळीनंतर बघू म्हणतात. ती गावातच आहे. सकाळी शाळेच्या मैदानावर जाते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तिला गाठतात, भिंतीवर कसं चढायचं ते विचारतात. ज्या दिवशी पाठ साथ देते त्या दिवशी ती दाखवते. नाहीतर कट्ट्यावर बसून सांगते, हनुवटी छातीला लाव, श्वास सोड. काही मुली ऐकतात. काहींना वाटतं, ही बाई नुसतीच बसून असते.

काल मी अंगणवाडीतून येताना तिला हाक मारली. ऊन डोक्यावर आलं होतं, मैदान रिकामं झालं होतं. तिनं हात वर करून दाखवला, येते म्हणाली. पण लगेच उठली नाही.