टेपने खाल्लेली जागा

फोन वाजत नव्हता, नुसता थरथरत होता. पर्समध्ये, माझ्या पायाशी. पण मला उचलता येईना, कारण सम्यक माझ्या मांडीवर झोपलेला आणि त्याच्या कपाळाला नि कानामागे वायरी चिकटवलेल्या. कानाची तपासणी होती, ती लहान मुलं झोपलेली असतानाच करतात. तपासणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं, हलू नका, मूल उठलं तर परत नवीन तारीख. म्हणून मी हललेच नाही. फोन थांबला, परत थरथरला, परत थांबला... मला वाटलं सुधाकाका असतील, रिक्षातून उतरून गेट शोधत असतील. काका म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ, आमच्याच खोलीत पोटमाळ्यावर राहायचे. लग्न नाही केलं त्यांनी. सकाळी मी निघाले तर म्हणाले, "रेश्मे, तू हो पुढे. छातीत जरा जळजळतंय, कालचा वडा बाधला. सोडा पितो नि आलोच." मी पुढे झाले. मग मॅडमनी वायरी काढल्या, कागद बघितला आणि म्हणाल्या, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, जन्मापासूनच. ऑपरेशन करून मशीन बसवावं लागेल. मी नुसतं हो हो केलं, जसं काय मला सगळं समजलं. बाहेर बाकड्यावर येऊन फोन बघितला तर सगळे नितीनचे, माझ्या नवऱ्याचे. लावला तर तो रडत होता. "काका गेले गं. चाळीच्या पायरीवर बसले ते बसलेच..." आणि मी त्याला रिपोर्टचं सांगितलंच नाही. आजूबाजूला सगळ्यांची मुलं रडत होती आणि माझा मस्त झोपला होता.

मी नववीपर्यंतच शिकले, मला पेपरातल्यासारखं लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहिते. पण आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर काकांचं नाव काढलं ना, की लोक काकांबद्दल बोलतच नाहीत, छत्रीवाल्या कॅसेटबद्दल बोलतात, म्हणून मला पण तिथूनच सांगायला लागेल. काका तरुण होते तेव्हा पवईला होस्टेलच्या मेसमध्ये वाढायला होते. तिथला कोणीतरी मुलगा शिक्षण संपवून जाताना सामान वाटत होता, कोणाला बादली, कोणाला गादी. काकांच्या वाट्याला ही कॅसेट आली. परदेशातल्या कुठल्यातरी रॉक बँडची, वर चित्र काय तर काळी छत्री उलटी होऊन पाण्यात तरंगतेय, माणूस कुठे नाहीच. नाव इंग्रजीत, ते कोणी घ्यायचंच नाही. छत्रीवाली म्हणजे छत्रीवाली. काकांनी पोटमाळ्यावर फळ्या ठोकून स्वतः स्पीकरचा डबा बनवला, एवढा मोठा की मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं कपाट आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की वर छत्रीवाली लागायची आणि खाली आमच्या फडताळातले पेले किणकिणायचे.

आणि मतं किती! एकेकाचं मत ठरलेलं, वर्षानुवर्षं बदललं नाही. सासूबाई म्हणायच्या, "भांड्याच्या दुकानात बैल घुसलाय." दर रविवारी हेच, त्याच शब्दांत. शेजारचे परबकाका, मूळ मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, ते शपथेवर सांगायचे, "माका इंग्रजी येणा नाय, पण ह्या होडयेचा गाणा आसा. होडी बुडता आणि मागसून कोणतरी हाक मारता." आणि फ्रान्सिस अंकल, काकांचे मेसमधले जुने दोस्त, त्यांना इंग्रजी यायचं, ते वैतागायचे. "अरे परब, होडी-बिडी काय नाय रे त्यात! बायको सोडून गेली त्याचं गाणं आहे." "मगे बायको होडयेन गेली आसतली!" असं चालायचं. फ्रान्सिस अंकल म्हणायचे पहिली बाजू भारी, परबकाका म्हणायचे दुसरी, आणि काकांना विचारलं की काका दोघांना चहा द्यायचे नि म्हणायचे, "तुम्ही कानाने ऐकता म्हणून भांडता. ही ऐकायची नाय, अंगावर घ्यायची." तेव्हा आम्ही सगळे हसायचो. मी पण.

दुसऱ्या बाजूला एक लांबलचक गाणं आहे, त्याच्या मध्येच टेप खाल्लेली. म्हणजे कॅसेट नवीन आली तेव्हाच, चाळीने धड ऐकायच्या आधी, प्लेअरने टेप ओढून पार चोळामोळा केली. दुसऱ्या कोणी तो तुकडा कापून दोन टोकं चिकटवली असती. पण काका म्हणाले तसं केलं तर गाणं लंगडं होईल, म्हणून त्यांनी कोऱ्या कॅसेटमधला तेवढाच तुकडा कापून तिथे चिकटपट्टीने जोडला. त्यामुळे गाणं जोरात जोरात चढत जातं आणि एकदम... काही नाही. शांत. मग परत सुरू. ती जागा चाळीने भरून काढलेली. परबकाका त्यांच्या दारातून "हुयाऽऽ" ओरडायचे, पोरं टाळ्या मारायची, आणि काका बोटांच्या पेरांनी स्पीकरच्या डब्यावर ठेका धरायचे, असा की गाणं जिथे परत सुरू होतं तिथे बरोब्बर जाऊन मिळायचा. मी नवीन होते तेव्हा मला वाटलेलं गाण्यातच आहे ते.

सम्यक झाला आणि सगळे म्हणायला लागले, काय गुणी बाळ आहे. कुकरच्या शिट्टीला दचकत नाही, दार आपटलं तरी उठत नाही. चौदा एप्रिलला गल्लीतून मिरवणूक गेली, डीजे आमच्या दारातच थांबला, छातीत धडधडत होतं नुसतं. बाकीची तान्ही पोरं रडून रडून लाल, आणि सम्यक झोळीत गाढ. सासूबाई सगळ्यांना बोलावून दाखवत होत्या, "बघा, वाघ आहे माझा!" मला पण छान वाटलं, खोटं का बोलू. फक्त काका हसले नाहीत. ते झोळीजवळ उभे राहून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पोटमाळ्यावर नेलं, पाठमोरा बसवला आणि कॅसेट फुल्ल आवाजात लावली. तो वळलाच नाही, चमच्याशी खेळत राहिला. मी शिडीवर उभी राहून बघत होते. मग काकांनी त्याचा तळवा धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला... आणि त्याने डोळे केवढे मोठे केले! चमचा टाकला. दुसरा हात पण ठेवला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, ह्याला ऐकायला येत नाय. पण कळतंय गं ह्याला, बघ." मी खाली येऊन मोरीत तोंड धूत बसले. सासूबाई म्हणाल्या, "काय तरी बोलतो सुधा. मुलगे उशिराच बोलतात, नितीन पण उशिराच बोलला."

तेव्हापासून त्या दोघांचं ठरूनच गेलं. सम्यक तळवे टेकून उभा राहायचा, आणि ती खाल्लेली जागा आली, हाताखाली काहीच लागेना, की तो पटकन वळून काकांकडे पाठ करायचा. मग काका त्याच्या पाठीवर ठेका धरायचे. ढक ढक, ढक... ढकढक. तो खदाखदा हसायचा. तपासणीची तारीख घेऊन आलो तेव्हा काका म्हणाले, "कानाला मशीन लागलं ना, की पहिल्यांदा हीच ऐकवायची. सगळ्या चाळीची मतं झाली, ह्याचंच मत राहिलंय." मी म्हटलं, "त्याला आवडली नाही तर?" तर म्हणाले, "मग सांगेल की तोंडाने, नाय आवडली. तेवढं ऐकून मी मोकळा."

तपासणीच्या दिवशी मूल झोपावं म्हणून त्याला पहाटेपासून जागं ठेवायचं होतं. काकांनीच ठेवलं. खांद्यावर घेऊन टेकडीच्या पायऱ्या खाली-वर, खाली-वर. काका गेल्यावर बायका कुजबुजल्या, त्या चढ-उतारानेच झालं म्हणून. मी डॉक्टरना विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही माझ्यात.

काकांचा जलदान विधी झाला, भन्ते वंदना घेऊन गेले, माणसं पांगली, परबकाका आणि फ्रान्सिस अंकल तेवढे बसून राहिले. नितीनला वाटलं काकांची आठवण म्हणून लावूया. प्लेअरला हात लावायची कोणाची छाती होईना, म्हणून त्याने मोबाईलवर शोधली. छत्री तीच निघाली. आवाज एकदम स्वच्छ. सगळे मान खाली घालून ऐकत होते. ते लांबलचक गाणं आलं, चढत गेलं, आणि त्या जागेवर आम्ही सगळ्यांनी श्वास धरला तर... तिथे एक बाई गायला लागली. बारीक आवाजात, लांबून कोणालातरी हाक मारल्यासारखी. इतकी वर्षं तिथे ती बाई होती आणि कोणाला माहीतच नव्हतं. परबकाका हाक हाक म्हणायचे ते काय ऐकून, कोण जाणे. पण त्यांना सुद्धा बरं वाटलं नाही. ते म्हणाले, "चुकीचा वाजवतत." फ्रान्सिस अंकल, जे जन्मात कधी परबांना हो म्हणाले नाहीत, ते म्हणाले, "हो रे. हे आपलं नाय." आणि सासूबाई, ज्यांना ती कॅसेट म्हणजे बैल नि भांडी, त्या पदर तोंडात कोंबून ओरडल्या, "बंद कर नितीन! ती कोण बया आणलीस मध्ये? सुधा कुठाय त्यात?"

आता ऑपरेशन जवळ आलंय. कानामागे कापणार, आत वायर घालणार. डॉक्टर चांगले आहेत, समजावून सांगतात. एवढंसं डोकं त्याचं, अजून टाळूवर हात ठेवला की मला धाकधूक होते. आणि मशीन लागलं तरी लगेच ऐकू येत नाही म्हणे, आधी सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं, मूल घाबरून रडतं, शिकवायला वर्षं जातात. नितीन म्हणतो मोबाईलवरची ऐकवू, स्वच्छ आहे. पण मला भीती वाटते की त्याला पहिल्यांदा ती बाई ऐकू येईल आणि तो काकांना शोधेल.

काल रविवार होता. सासूबाईंनी जेवणं झाल्यावर स्वतःहून सांगितलं, "जा, लाव ती भांडी." मी सम्यकला घेऊन शिडी चढले. काकांची गादी गुंडाळून ठेवलीय, गंजी अजून दोरीवर तशीच आहे, कोणी काढत नाही. प्लेअर चालू केला, टेप फिरली. सम्यकने जाऊन तळवे जाळीवर टेकले आणि गाल पण टेकला. खाली पेले किणकिणायला लागले. मी त्याच्याकडेच बघत होते. गाणं चढत गेलं, चढत गेलं, आणि एकदम शांत. परबकाका पण ओरडले नाहीत. सम्यकने हात काढले आणि वळून उभा राहिला, भिंतीकडे तोंड, पाठ इकडे, खांदे वर उचलून. वाट बघत. मी घाईघाईने पुढे होऊन त्याच्या पाठीवर वाजवलं, ढक ढक... पुढचं मला येईना. किती वेळा बघितलंय, पण हातात नाही. मी परत वाजवलं. तो हसला नाही. वळून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे शिडीकडे बघितलं, आणि परत पाठ करून उभा राहिला. गाणं कधीच पुढे निघून गेलं होतं, डबा थरथरत होता, पण तो काही वळेना.