मोहाचा वास आणि न उघडलेली फाइल
वाळत्या मोहफुलांचा वास आला की देवरीतली ती कोंदट खोली आठवते. बाहेर मोहफुलं वाळत होती आणि आत मी बचत गटाच्या बायांना फुकट मिळणारं, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर शिकवत होतो. कुठल्याच कंपनीला बांधलेलं राहावं लागत नाही, असं तावातावानं सांगत होतो. अध्यक्षबाईंनी त्यातच गटाचा अहवाल टाइप करून तालुक्याच्या कचेरीत पाठवला. लगेच तिथून बाबूचा फोन आला, "फाइल खुलून नाही राहिली. आमी वापरतो त्याच्यात पाठवा." बाई माझ्याकडे वळल्या, "सर, आमाले मोकळं करून राहिले, मंग सायबाले काऊन नाही शिकवत?" दारापर्यंत बाया बसलेल्या, मला उठून जायलाही वाट नव्हती. परवा त्याच कचेरीला या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचाराचं पत्रक पाठवलं. त्यांना उघडता यावं म्हणून, त्यांच्याच विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल करून.