देव केबिनच्या पाठीशी

सन २०२२. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या वर्षी आमच्या नव्या घराचा गृहप्रवेश झाला, आणि तो वर चौदाव्या मजल्यावर चालू असताना घराचा मालक, म्हणजे मी, खाली टेम्पोत अडकलेला होतो.

हे असं का झालं, ते आमचा मुलगा विलास एक सांगतो, आमची ही दुसरंच सांगते. दोघं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण लॉरी मी चालवली आहे. माझी शाळा चौथीत सुटली (मी शाळेला सोडलं, शाळेनं मला नाही), तरी गाडीत माल कसा भरायचा हे मला या मुंबईत कोणी शिकवायला येऊ नये. एकेचाळीस वर्षं गाडी हाकली. एवढं सांगून पुढे जातो.

लालबागची आमची चाळ पाडली तेव्हा बिल्डर म्हणाला, तीन वर्षांत घर देतो. आम्ही परळच्या संक्रमण शिबिरात बारा वर्षं काढली. तिथं सुखाची गोष्ट एकच. खाली एक बंद पडलेली लॉन्ड्री होती आणि तिच्या पायरीवर रोज संध्याकाळी बाबल परब आणि सखाराम शेडगे येऊन बसायचे. दोघेही माझ्यासारखेच रिटायर ड्रायव्हर. बाबल मालवणकडचा, शेडगे साताऱ्याकडचा. आम्ही तिघांनी मिळून गिरणगावातलं काय वाहिलं नाही ते विचारा. गिरण्यांना कापसाच्या गासड्या नेल्या, हॉटेलांना सोडावॉटरच्या बाटल्या नेल्या, एकदा तर एका नाटक कंपनीचा अख्खा राजवाडा नेला. पण प्रत्येकाचा मान वेगळा. बाबल बर्फाचा माणूस. फणसवाडीतल्या लग्नांना बर्फाच्या लाद्या पोचवायचा. शेडगे लालबागच्या मसालेवाल्यांची मिरचीची पोती वाहायचा, आणि आजही कोणी मिरचीचं नाव काढलं की त्याला शिंक येते (ढोंग आहे).

आणि मी काचेचा. भायखळ्याला एक काचवाला होता, त्याचे आरसे मी तेवीस वर्षं पोचवले. सलूनवाल्यांचे, हॉटेलवाल्यांचे, एका वकिलाच्या बायकोचा तर सात फुटी. एकालाही तडा गेला नाही. यामागं एकच नियम: नाजूक माल केबिनच्या पाठीशी. गाडीचे धक्के सगळे मागच्या बाजूला बसतात, पुढं केबिनला टेकून उभा केलेला माल पाळण्यात निजल्यासारखा येतो. हा नियम माझ्या डोक्यात नाही, हातात आहे. आणि घोटाळा तिथंच झाला.

आता आमच्या हिचं. हिचं नाव सुमन. शिबिरात आम्ही शिरलो तेव्हा घाईगर्दीत माणसांआधी सामान आत पडत गेलं. सगळ्यात पहिली आत गेली केरसुणी, मग बादल्या, मग माणसं, आणि देव सगळ्यांच्या शेवटी. हिनं ते बारा वर्षं मनात धरून ठेवलं. तीन वर्षांची बारा झाली ती त्या केरसुणीमुळे, बिल्डरमुळे नाही, असं तिचं ठाम मत. त्यामुळे नव्या घरात आधी देव, मग माणसं, मग सामान, आणि तेही मुहूर्तावर. भटजींनी दहा अठ्ठेचाळीस काढून दिले होते. या बाईनं बारा वर्षांत माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. (मागितलं असेल. माझ्या लक्षात नाही.)

विलास म्हणत होता सामान हलवणारी कंपनी बोलवू, खोक्यांसकट येतात. मी त्याला दोन दिवस जेवताना उत्तर दिलं नाही. मग तो गप्प बसला. ही म्हणाली, निदान देव तरी मांडीवर घेऊन टॅक्सीनं नेते. मी म्हटलं, एकेचाळीस वर्षं परक्यांचे आरसे नेले, आणि आपल्या घरचे देव टॅक्सीनं जाणार? जग हसेल. सागवानी देव्हारा, आतल्या देवांसकट, माझ्या गाडीतून जाईल. तिनं देव्हाऱ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "ठीक आहे. पण देव शेवटी भरा. अगदी मागच्या फाळक्याशी ठेवा. फाळका उघडला की आधी देव उतरले पाहिजेत."

"मला सांगतेस?"

"तुम्हालाच सांगते."

हे तिनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी मान हलवली. मग ही, विलास, सूनबाई आणि कलश टॅक्सीनं पुढे गेले.

मी टेम्पो भरायला घेतला. उंच कठड्यांच्या उघड्या हौद्याचा टेम्पो, दोन हमाल, आणि चालक एक चाळिशीचा गृहस्थ. तो बिचारा एकदाच बोलला, की काका, आधी जड सामान घेऊ या. त्याला आम्ही तिघांनी गाडीपासून लांब उभं केलं. बाबल आणि शेडगे पायरीवर बसून देखरेख करत होते, आणि देखरेख म्हणजे वाद. बाबलनं विषय काढला की काच नेण्यात काही मोठेपणा नाही, खरा ड्रायव्हर बर्फाचा.

"काच फुटली तर एकदाच फुटता," बाबल म्हणाला. "बर्फ आख्खी वाट रडत येता."

शेडगे म्हणाला, "तुमी दोघांनी एक डाव मिरची भरून बगा. मंग डायवर कसा रडतो त्ये कळंल." आणि शिंकला.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, बसा आणि बघा, नाजूक माल कसा भरतात ते. समोर सगळ्यात नाजूक काय होतं? देव्हारा. हमालांना हाक मारली, देव्हारा उचलला, हौद्यात चढवला, थेट केबिनच्या पाठीशी उभा केला. सवयीचं काम होतं, हात करत गेले. दोन्ही बाजूंना गाद्या लावल्या. देव्हाऱ्यासमोर कपाट उभं केलं, पण त्याला घासू नये म्हणून मधे वीतभर जास्तच जागा सोडली. मग पलंग, मग भांड्यांची पोती, वॉशिंग मशीन. दोर असा ताणला की बोटानं वाजवला तर सूर निघाला. बाबल उठून आला, दोर ओढून पाहिला, आणि म्हणाला, "बरा भरलंस." बारा वर्षांत बाबलनं माझं केलेलं हे पहिलं कौतुक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देव कुठं आहेत हे त्या पाण्यात वाहून गेलं.

परळ ते लालबाग अंतर ते किती. बाबल, शेडगे आणि मी नव्या टॉवरच्या गेटमधून शिरलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथं आणखी चार टेम्पो उभे. आमच्या जुन्या चाळीतल्या सगळ्यांनी त्याच दिवसाचा मुहूर्त काढला होता, आणि सामानाची लिफ्ट एक. हिचा फोन आला, देव पाठवा. मी ऐटीत फाळका उघडला.

कडेला, अगदी पहिली, केरसुणी उभी होती.

मी ती बघितली. शेडगेनं बघितली. बाबल म्हणाला, "देव खंय?" आणि मग आम्ही तिघांनी सावकाश केबिनकडे बघितलं.

आता पेच असा होता. देव वर गेल्याशिवाय ही सामानाला दारात पाऊल ठेवू देणार नव्हती. सामान काढल्याशिवाय देव निघत नव्हते. आणि सामान काढून खाली ठेवावं, तर वॉचमन शिट्टी फुंकत आला. सोसायटीचा नियम, गाडीतून थेट लिफ्टमध्ये, आवारात एक बादली ठेवायची नाही. मी त्याला म्हटलं, अरे, या जागेवर माझा जन्म झाला आहे. तो म्हणाला, काका, झाला असेल, पण सामान ठेवायचं नाही.

विलास वरून खाली आला. त्यानं टेम्पो बघितला, मग मला बघितलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, आई कलश घेऊन दारात उभी आहे."

हे ऐकल्यावर मी वर चढलो. विलास नको नको म्हणत असताना गाद्यांवरून, पलंगाच्या पायांमधून, गुडघे टेकत टेकत केबिनपर्यंत पोचलो आणि कपाट व देव्हारा यांच्यामधल्या फटीत उतरलो. उतरलो म्हणजे घसरलो. खाली पाय टेकताना माझा धक्का लागून दोर सैल पडला, कपाट दोन बोटं माझ्याकडे सरकलं आणि थांबलं. आता माझ्या पोटाला देव्हारा आणि पाठीला कपाट. श्वास घेता येत होता, पण पूर्ण नाही. वर चढून यावं तर गुडघे नाही म्हणाले.

बाहेरून शेडगेचा आवाज आला, "सदा, जिवंत हाईस का?"

मी म्हटलं, आहे.

"मग मानलं," बाबल म्हणाला. "माल जराय हललो नाय."

देव्हाऱ्याच्या वर, माझ्या नाकासमोर, केबिनची मागची खिडकी होती. काच सरकणारी, जेवणाच्या ताटाएवढी. त्यातून देव्हारा जाणार नव्हता, मी तर नव्हतोच जाणार. पण देव गेले असते. मी ओरडून विलासला सांगितलं, आईला खाली बोलव, केबिनमध्ये बसव, पदर धरायला सांग.

ही आली. दहा पस्तीस झाले होते. केबिनमध्ये चढली, काच सरकवली. मला वाटलं आता बारा वर्षांचं एकदम निघणार. पण तिनं खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि हळू आवाजात म्हणाली, "घाई करू नका. आधी गणपती द्या."

हिरव्या बांगड्या भरलेले तेवढे दोन हात मला दिसत होते. लग्नात अंतरपाटाच्या पलीकडेही तेवढेच दिसले होते.

मी गणपती दिला. "एक नग," माझ्या तोंडून निघून गेलं. माल देताना मोजायची सवय.

"नग काय म्हणता? देव आहेत ते."

मग बाळकृष्ण दिला, अन्नपूर्णा दिली, कुलदेवीचा टाक दिला. शेवटी शंख. मोजले, पाच भरले, एकालाही ओरखडा नाही. (मी हे तिला सांगितलं. ती पदराची गाठ मारत होती.) पदरात देव घेऊन ती उतरायला लागली, मग परत वळली आणि वाकून खिडकीतून विचारलं, "आणि तुम्ही?"

मी म्हटलं, "तू जा. मुहूर्त चुकेल. मी येतो मागून."

ती गेली. लिफ्टसमोर चार घरांचे लोक उभे होते, त्यांनी तिच्या पदरातले देव बघून वाट दिली. दहा अठ्ठेचाळीसला विलासचा बाबलला फोन आला, आणि बाबलनं टेम्पोच्या अंगावर थाप मारून मला खबर दिली, "गेले रे देव घरात!" मी कपाटाला टेकलेल्या पाठीनंच हात जोडले. जोडायला जागा नव्हती, तरी जोडले.

यापुढं माझी सुटका सोपी असायला हवी होती. नव्हती. जे आधी भरतात ते शेवटी उतरतं, या नियमातून मालकालाही सूट नाही. लिफ्ट पाच टेम्पोंत मिळून एक, आमचा नंबर तासातून दोनदा लागायचा. मधे लिफ्टवाला जेवायला गेला. बाबल आणि शेडगे फाळक्यावर पाय सोडून बसले आणि सकाळचा वाद पुढं सुरू झाला. मी आतून उत्तरं देत होतो. कपाटातून आवाज येतो म्हणून शेजारच्या टेम्पोतली दोन पोरं बघायला आली. बारा वाजता सूनबाईनं खिडकीतून शिरा आणि पुरी आत दिली. मुहूर्ताचं जेवण वर चाळीस माणसं जेवली, खाली मी एकटा जेवलो, तेही उभ्यानं.

अडीच वाजता कपाट निघालं. हमालांनी मला आधी उतरवलं, मग देव्हारा. त्याचं एक टोक मी धरलं, कारण तेवढा तरी माझ्या हातानं वर जायला हवा होता. वर दारात हमाल म्हणाला, काका, तुम्ही उलटे चाला, मी ढकलतो. मी उलटा चालत आत गेलो.

संध्याकाळी चहा पिताना हिनं विचारलं, "मी ओवाळायला ताट ठेवलं होतं. तुम्ही उंबरठा कधी ओलांडलात?"

"अडीचला. रिव्हर्समध्ये."

ती हसली नाही. चहा संपवून म्हणाली, देव आले, मी आले, घर भरलं, तुमचं मात्र राहिलं. आणि आत निघून गेली. तिच्या बोलण्यात राग असता तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी उठलो. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. ही उठायच्या आत बाहेर जाऊन, देवाचं नाव घेऊन, उजवं पाऊल पुढं टाकून रीतसर आत यायचं, असं मी ठरवलं होतं. बाहेर गेलो. पाठ वळवून डोळे मिटले, हात जोडले. मागं खट् झालं. चाळीतलं दार आपण लावलं तरच लागायचं. हे आपलं आपण लागलं.

पाच मिनिटं उभा राहिलो. मग बेल वाजवली.

आतून हिचा झोपेतला आवाज आला, "कोण आहे?"

मी म्हटलं, "माल आलाय. उतरवून घ्या."