धोंड्याची जाळीदार चाकं

मी बालाघाटात ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, खांद्याला टेप लावल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. "मागचंच माप चालन" म्हणणाऱ्या बायांना मी उभ्या उभ्या सुनावलेलं आहे. आणि मीच जावयाच्या गाडीसाठी चार चाकं घेतली तेव्हा टेप पिशवीतून काढलासुद्धा नाही. त्या दिवशी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

लेक किरनापूरला दिली आहे. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या व्याह्यांच्या, किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला बालाघाटला आणावं लागतं, आणि जावयानं जुनी छोटी गाडी घेतली ती त्याचसाठी. पुढची सीट पाडून व्याही आडवे व्हायचे, कारण परतताना त्यांच्या पायांत गोळे यायचे. मागे विहीणबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसायच्या. दवाखान्यात व्याह्यांचा एक हात मशीनला आणि दुसरा विहीणबाईंच्या हातात. तो हात असला की माणूस मुकाट पडून राहायचा. घरी जाण्याआधी ते सगळे माझ्याकडे चहाला थांबत.

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि वाण जाळीचं द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. अनारसे, बत्तासे, ज्याला भोकं आहेत असं काहीतरी. माझ्या जावेनं तिच्या जावयाला चांदीची जाळीची वाटी दिली होती आणि महिनाभर गावात मिरवली होती. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. अशातच गोंदिया रोडवरच्या एका दुकानात मला गाडीची अलॉय चाकं दिसली. मधे बारीक जाळी, अगदी तळलेल्या अनारशासारखी. मी तिथंच ठरवलं, वाटी काय, मी चाकंच देते. जावयाच्या गाडीला काळी लोखंडी चाकं होती, एकाची टोपीही पडलेली.

दुकानदार म्हणाला, गाडी घेऊन या, लावून बघू. मी म्हटलं, वाण आहे, आधी दाखवत नसतात. मग त्यानं गाडीचं नाव विचारलं आणि म्हणाला की नटाची भोकं तर जुळतात, पण ही रिंग रुंद आहे आणि ऑफसेटही कमी आहे, चाक थोडं बाहेर येईल. मी त्यालाच झापलं. म्हटलं, भोकं जुळली न, मग बसलं चाक. आणि बाहेर आलं तर बरंच, जाळी लोकांना दिसन तरी. तो बिचारा गप्प झाला. गिऱ्हाईक ऐकत नाही म्हटल्यावर मीसुद्धा गप्प होते, पण मी आधी दोनदा बजावते. त्यानं एकदाच सांगितलं, म्हणून त्याच्यावर ढकलायचा मोह मला आजही होतो.

जावयाला कुंकू लावलं, धोंडे वाढले, चाकांना हार घातला. दुसऱ्या दिवशी ती गाडीला लागली. काय रुबाब आला होता गाडीला! माझी जाऊ येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे जळली. मी आठवडाभर हवेत होते.

त्यानंतर विहीणबाई यायच्या बंद झाल्या. मागच्या सीटवर माझी लेक येऊ लागली. पहिल्या वेळी मला आनंदच झाला, पोरगी आठवड्यातून दोनदा भेटते म्हणून. मग मनात किडा वळवळला. विहीणबाईंना चाकं खुपली असतील, त्यांच्या माहेरून असं वाण कधी आलं नसेल. लेकीला विचारलं तर ती म्हणायची, घरी काम राह्यते. एकदा फोनवर मीच विहीणबाईंना म्हटलं, "आमच्या घरचा चहा आता गोड नाही लागत वाटते तुमाले." त्या हसल्या आणि म्हणाल्या, तसं नाही जी. मी फोन ठेवून नवऱ्याला म्हटलं, पाहा, तोरा पाहा बाईचा.

इकडं व्याह्यांनी डायलिसिसला जायला कुरकुर सुरू केली होती. दवाखान्यात सुनेचा हात धरायला त्यांना लाज वाटायची. चार तास छताकडे बघत पडायचे. आज नको, परवा जाऊ, असं म्हणता म्हणता एक खेप त्यांनी चुकवलीच, आणि रात्रभर त्यांना श्वास पुरला नाही. डॉक्टरांनी जावयाला स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर माणूस हातचा जाईल. हे मला लेकीकडून कळलं. तेव्हा मी काय म्हणावं? मी म्हटलं, तुझी सासू काहून नाही येत मंग, नवऱ्यापेक्षा काम मोठं आहे का?

लेकीला ताप आला त्या दिवशी जावई एकटेच व्याह्यांना घेऊन आले. मी म्हटलं, परतताना मी येते सोबत, पोरीलाही बघते. जावई म्हणाले, "आई, तुमी बसनं या न." मला ते लागलं. सासूला गाडीत घ्यायला नको? मी हट्टानं मागच्या सीटवर जाऊन बसले. मी काही हलकी बाई नाही. मी आणि विहीणबाई उभ्या राहिलो तर एकमेकींच्या मापाच्या.

पहिल्याच ब्रेकरवर माझ्या खालून घर्रर्र आवाज आला, लोखंडावर रबर खरवडल्यासारखा. गाडीला असा हिसका बसला की व्याह्यांनी पट्टी बांधलेला हात छातीशी धरला. जावई म्हणाले, काही नाही. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. मी म्हटलं, थांबवा गाडी. उतरून वाकून पाहिलं. मागचं चाक गाडीच्या अंगाबाहेर आलेलं, वरच्या पत्र्याची कड हातोडीनं ठोकून वाकवलेली, आणि टायरची बाहेरची बाजू सोलून निघालेली.

जावयांना खोदून विचारलं तेव्हा ते खाली बघत बोलले. मागे हलकं माणूस असलं तर हळू चालवून निभते. माझी आई बसली का टायर घासते. फुटलं तर बाबा गाडीत असतात, म्हणून तिले आणत नाही. मी विचारलं, मग ही मेली चाकं काढली काहून नाहीत?

"धोंड्याचं वाण होतं, आई. आठवड्यातून दोनदा गाडी तुमच्या दारात उभी राह्यते. तुमाले काय वाटलं असतं?"

मला काय वाटलं असतं ते मला ठाऊक आहे. मी घर डोक्यावर घेतलं असतं. हे त्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं आपल्या आईला घरी ठेवलं.

मी पुन्हा गाडीत बसले नाही, बसनं किरनापूर गाठलं. जुनी चाकं टायरासकट गोठ्यात होती. संध्याकाळी जावयांनी नवं एक चाक काढलं, आणि जुनं आणि नवं दोन्ही मी अंगणात पालथी टाकली. रिंगच्या कडेवर आडवी काठी ठेवली आणि टेप काढला. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर मनात एक रेघ मारायची. जी सपाट जागा गाडीला टेकते आणि जिथं नट बसतात, ती त्या रेघेपासून बाहेरच्या अंगाला किती लांब, तो ऑफसेट. जितका जास्त, तितकं चाक पत्र्याच्या आत राहतं. कमी असला की तेच चाक बाहेर सरकतं, आणि रिंग रुंद असली की आणखी सरकतं. भोकं जुळण्याचा याच्याशी काही संबंध नाही. ब्लाउजला बाही जोडता येते म्हणून खांदा बरोबर आहे असं होत नाही. रिंगच्या आत आकडाही कोरलेला होता, जुन्यावर मोठा, नव्यावर लहान. दुकानात मी टेप लावला असता, नाहीतर तो आकडा जुन्याशी ताडून पाहिला असता, तर एवढं झालं नसतं. विहीणबाई ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी काळी चाकं लागली. पुढच्या खेपेला व्याही 'जाणार नाही' म्हणाले नाहीत, कारण विहीणबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. परतताना गाडी माझ्या दारात थांबली, पण व्याह्यांच्यानं आता उतरवत नाही. मधल्या काळात ते फार खचले. म्हणून विहीणबाईही उतरल्या नाहीत. मी चहा बाहेरच नेला. खिडकीतून कप देताना म्हटलं, चुकलं माझं, फोनवर काय काय बोलले मी तुमाले. त्यांनी कप घेतला, व्याह्यांना दोन घोट पाजले, आणि मग सीटवर एका बाजूला सरकून माझ्यासाठी दार उघडलं.

"या न, बसा. आता आपण दोघी बसलो तरी घासत नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी शोधला. असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. मी आत बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दुसरा हात पुढच्या सीटवरून व्याह्यांच्या खांद्यावर ठेवला. माझ्या चाकांपायी चार महिने त्या खांद्यावर तो हात नव्हता.